आपल्या नदीकाठचा इतिहास



इतिहासाच्या तासाला आपण पानिपत आणि प्लासीच्या सनावळ्या पाठ केल्या. आपल्या तापीकाठावर प्रश्न मात्र कधी आला नाही. म्हणून स्मरणिकेसाठी मी हाच विषय घेतला.

सुरुवात प्रकाशापासून. तापी आणि गोमाईच्या संगमावरची ही दक्षिण काशी. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर ही देवळे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण देवळांहून जुने आहे ते तिथले पांढरीचे टेकाड. 1954-55 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केले. तळाच्या थरात दगडी पाती, थोडे तांबे आणि रंगीत नक्षीची खापरे मिळाली. म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे माणसे घरे करून राहत होती. त्या खापरांत माळव्याच्या धाटणीची भांडी आहेत, तशीच दक्षिणेकडच्या जोर्वे धाटणीचीही. तापीचे खोरे ही माळवा, दख्खन आणि गुजरात यांना जोडणारी वाट होती, याचा हा पुरावा.

त्याच वाटेने 1342 च्या सुमारास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता देवगिरीहून खंबायतकडे निघाला आणि नंदुरबारला आला. इथल्या मराठ्यांमध्ये कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत, अशी नोंद त्याने करून ठेवली. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत दूरदूरचे घोडे येतात, तेव्हा ती जुनी वाट अजून वाहती आहे असे मला वाटते.

इब्न बतूतानंतर सहाशे वर्षांनी नंदुरबारचे नाव देशभर गेले, ते शाळकरी मुलांमुळे. 9 सप्टेंबर 1942 रोजी चले जावच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिरंगा हाती घेतलेला शिरीषकुमार मेहता अवघा पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही हुतात्मे झाले. आपण दहावीच्या निकालाची काळजी करत होतो, त्या वयाचा शिरीषकुमार होता. स्मारकापुढून जाताना एवढे आठवले तरी पाय थबकतात.

जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा आहे. तिथली कथा वेगळी. मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे जुने देऊळ नर्मदा परिक्रमेतले मोठे ठिकाण होते. सरदार सरोवराचे पाणी चढले आणि 1994 मध्ये ते बुडाले. पुढे गुजरातेत गोऱ्याला नवे देऊळ उभे राहिले. देव हलवता आला, पण मणिबेलीच्या आदिवासींची शेते, पूर्वजांच्या जागा आणि नदीकाठच्या पायवाटा हलवता आल्या नाहीत. त्या आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उरल्या आहेत.

म्हणून एक विनंती. 1998 मध्ये धुळ्यापासून वेगळा झालेला आपला जिल्हा वयाने लहान आहे, त्याच्याविषयी लिहिलेलेही थोडे आहे. आपल्यातले कोणी शहाद्याचे, कोणी तळोद्याचे, कोणी अक्राणीचे. प्रत्येकाने आपल्या गावची बारव, वीरगळ, गावदेव किंवा जुना घाट यांविषयी घरातल्या थोरांना विचारून एक पान लिहावे. पुढच्या मेळाव्यापर्यंत ती पाने शाळेच्या ग्रंथालयात जमा करू. विचारायची माणसे आहेत तोवरच हे काम होईल.