कोकणातील पदवीधरांचे आणि शिक्षकांचे आमदार

आमदार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विधानसभेचा आमदार उभा राहतो. गावात सभा घेणारा, रस्त्याचे नारळ फोडणारा, लग्नकार्याला हजेरी लावणारा. परंतु याच राज्यात आणखीही एका प्रकारचे आमदार आहेत, आणि त्यांना निवडून देण्याचा अधिकार गावातल्या सगळ्यांना नसतो. गावातल्या हायस्कूलच्या मास्तरांना असतो, बी. ए. होऊन शेती करणाऱ्या तरुणाला असतो. पण त्याच्या वडिलांना नसतो, आणि गंमत अशी की त्याला पहिले अक्षर गिरवायला लावणाऱ्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींना शिक्षक म्हणून तो नसतो. हे असे का, आणि यातून कोकणाच्या पदरात काय पडते, याचा थोडा विचार आज करू.

आधी घराची ओळख करून घेऊ. आपल्या राज्याच्या विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. खालची विधानसभा, वरची विधान परिषद. मुंबई प्रांताला हे दुसरे सभागृह मिळाले ते १९३५ च्या कायद्याने, १९३७ साली. पण विद्यापीठातून प्रतिनिधी पाठवण्याची चाल त्याहून जुनी. १९२७ साली कन्हैयालाल मुनशी हे मुंबई विद्यापीठाच्या मतदारसंघातून मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले होते. ही कल्पना मूळची विलायतेची. तेथील पार्लमेंटात ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या विद्यापीठांच्या जागा असत. पुढे एका माणसाला दोन मते कशाला, असा सवाल तेथेच उठला आणि १९४८ च्या कायद्याने त्यांनी त्या जागा काढून टाकल्या. आपली घटना त्याच सुमारास तयार होत होती. आपण मात्र ती कल्पना वेगळ्या रूपात ठेवली.

घटनेचे १७१ वे कलम असे सांगते, की विधान परिषदेचे एक तृतीयांश सभासद नगरपालिका, जिल्हा परिषदा अशा स्थानिक संस्थांनी निवडावेत, एक तृतीयांश विधानसभेच्या आमदारांनी निवडावेत, एक बारांश पदवीधरांनी, एक बारांश शिक्षकांनी, आणि उरलेले राज्यपालांनी नेमावेत. महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ जागा आहेत. त्यांतल्या ३० आमदारांच्या मतांच्या, २२ स्थानिक संस्थांच्या, ७ पदवीधरांच्या, ७ शिक्षकांच्या आणि १२ नेमणुकीच्या. हे सभागृह कधी बरखास्त होत नाही. सभासदाची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात. विहिरीचे पाणी एकदम उपसून टाकायचे नाही, जुने थोडे राखायचे आणि नवे झरू द्यायचे, असा त्यामागचा हिशेब.

आता आपल्या कोकणाकडे वळू. पदवीधरांच्या सात जागांपैकी एक कोकण विभागाची, आणि शिक्षकांच्या सात जागांपैकीही एक कोकणाची. मुंबईचे मतदारसंघ वेगळे आहेत. त्यामुळे कोकण विभाग म्हणजे पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे. उत्तरेला तलासरी, तर दक्षिणेला गोव्याच्या हद्दीवरचे बांदे. एवढ्या लांब पट्ट्याला पदवीधरांचा आमदार एक आणि शिक्षकांचा आमदार एक. या साऱ्याचा कारभार चालतो नवी मुंबईतून. बेलापूरला कोकण भवन आहे, तेथे विभागीय आयुक्तांचे कार्यालय आहे, आणि या निवडणुकांचे मुख्य निवडणूक काम तेच पाहतात. मतपेट्या पाचही जिल्ह्यांतून नवी मुंबईला येतात. २०२३ साली शिक्षकांची आणि २०२४ साली पदवीधरांची मतमोजणी नेरूळच्या आगरी-कोळी संस्कृती भवनात झाली. ज्या आगरी-कोळी लोकांच्या भाताच्या आणि मिठाच्या जमिनींवर १९७० नंतर सिडकोने हे शहर वसवले, त्यांच्याच नावाच्या वास्तूत साऱ्या कोकणाची मते मोजली जातात, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गेल्या तीस वर्षांत या जागांवर कोण बसले ते पाहू. पदवीधरांच्या जागेवर १९९४ ते २००६ अशी बारा वर्षे प्रा. अशोक मोडक होते. रशियाच्या राजकारणाचे ते अभ्यासक. पक्ष भारतीय जनता पक्ष. त्यांच्यामागून २००६ साली त्याच पक्षाचे संजय केळकर आले. २०१२ साली राष्ट्रवादी काँग्रेसचे निरंजन डावखरे यांनी केळकरांचा पराभव केला. २०१८ साली डावखरे पक्ष बदलून भारतीय जनता पक्षातर्फे उभे राहिले आणि निवडून आले, आणि २०२४ साली तिसऱ्यांदा निवडून आले. शिक्षकांच्या जागेवर रामनाथ मोते यांनी दोन मुदती काढल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये पनवेलकडचे, शेतकरी कामगार पक्षाचे बाळाराम पाटील यांनी त्यांना हरवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतीय जनता पक्षाचे ज्ञानेश्वर म्हात्रे यांनी बाळाराम पाटलांना हरवले. म्हणजे शिक्षकांच्या जागेवर लागोपाठ दोन वेळा चालू आमदार घरी गेला. मास्तर लोक परीक्षा नीट तपासतात, असे म्हणावयास हरकत नाही!

त्या २०२३ च्या निवडणुकीत तावातावाने बोलले गेले ते जुन्या पेन्शनविषयी. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन मिळत नाही. एकाच शिक्षकदालनात, एकाच फळ्यासमोर उभे राहणारे दोन शिक्षक. एकाच्या म्हातारपणाची तरतूद आहे, दुसऱ्याची वेगळ्या हिशेबाची. त्यांच्या जोडीला विनाअनुदानित शाळांचा प्रश्न. हे प्रश्न विधानसभेत निघत नाहीत असे नव्हे, पण तेथे शिक्षक ही आमदाराच्या मतदारांतली मूठभर माणसे. परिषदेत मात्र एका आमदाराची सारी मते शिक्षकांचीच. या जागांचे खरे समर्थन आहे ते हे.

आता एक प्रश्न माझे विद्यार्थी हमखास विचारतात. पदवीधरांचा आमदार पदवीधरच असावा लागतो का? उत्तर आहे, नाही. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मद्रास जिल्हा पदवीधर मतदारसंघातून निवडून आलेले नारायणस्वामी हे स्वतः पदवीधर नव्हते. उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द ठरवली; परंतु १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायालयाचे म्हणणे असे, की घटनेने मतदार पदवीधर असावा असे सांगितले आहे, उमेदवार तसा असावा असे कोठे सांगितलेले नाही. उमेदवार भारताचा नागरिक असावा, तीस वर्षांचा असावा, आणि कायद्यातील इतर अटी पुऱ्या करणारा असावा, एवढे पुरे. पारखून घेण्याचे काम कायद्याने मतदारावर सोडले आहे.

मतदार कोण? ठरलेल्या १ नोव्हेंबर या तारखेच्या आधी निदान तीन वर्षे पदवी मिळालेला आणि त्या मतदारसंघात राहणारा. शिक्षकांच्या बाबतीत, आधीच्या सहा वर्षांत मिळून तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेला. घटनेत शब्दच तसे आहेत, माध्यमिकहून खालच्या दर्जाची नसलेली संस्था. म्हणून प्राथमिक शाळेचे गुरुजी या यादीबाहेर राहतात. पदवी असेल तर त्यांनी पदवीधर म्हणून जरूर मत द्यावे. पण ज्या हातांनी पाया घातला ते शिक्षकांच्या मोजणीत नाहीत, ही गोष्ट मनाला लागते. घटना बदलल्याशिवाय ते होणार नाही, आणि बदलावी की नाही याचा विचार शिक्षकांच्या संघटनांनीच मोकळेपणाने करावयास पाहिजे.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा. विधानसभेच्या मतदारयादीत एकदा नाव चढले की ते राहते. या यादीचे तसे नाही. दर निवडणुकीला ही यादी नव्याने, कोऱ्या कागदावर करतात. मागच्या वेळी मत दिले होते म्हणून या वेळी नाव असेल, असे समजू नका. पदवीधराने १८ नंबरचा आणि शिक्षकाने १९ नंबरचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. जो भरत नाही त्याचे नाव नाही, आणि मग यादी कशी होते ते २०२४ च्या आकड्यांवरून पाहा. ठाणे जिल्ह्यात ९८,८६० मतदार, रायगडात ५४,२०८, पालघरात २८,९२५, रत्नागिरीत २२,६८१ आणि सिंधुदुर्गात १८,५५१. एकूण २,२३,२२५. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून ४१ हजारांच्या वर थोडे. एकट्या ठाण्याचे त्याच्या दुपटीहून जास्त. शहरात माणसे अधिक, हे खरेच. परंतु उमेदवार प्रचाराला कोठे जास्त फिरणार, आणि निवडून आल्यावर कोणाचा आवाज आधी ऐकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. वेंगुर्ल्याच्या आणि मंडणगडच्या पदवीधराने अर्ज भरला नाही, तर त्याच्या तालुक्याचे वजन तेवढ्याने उतरते.

दुसरा मुद्दा आणखी बोचणारा आहे. या निवडणुकीत यंत्र नसते, मतपत्रिका असते. शिक्का मारावयाचा नाही; पसंतीचा क्रमांक लिहावयाचा, आणि तोही केंद्रात दिलेल्या जांभळ्या पेनानेच. २०२४ साली कोकणच्या पदवीधरांपैकी १,४३,२९७ जणांनी मतदान केले. त्यांतली वैध ठरली १,३२,०७१. म्हणजे ११,२२६ मते बाद! हे मत देणारे सगळे पदवीधर. रत्नागिरी जिल्ह्याची जी नोंदलेली मतदारसंख्या, तिच्या जवळजवळ निम्मी मते अशी वाया गेली. एखादा शेतमजूर विधानसभेला बटण चुकत नाही, आणि आम्ही शिकलेले लोक एक आकडा नीट लिहीत नाही, याला काय म्हणावे?

तेव्हा मोजणी कशी होते ते समजून घ्या. वैध मतांची निम्मी करावयाची आणि त्यात एक मिळवावयाचा. तो झाला कोटा. २०२४ साली तो ६६,०३६ होता. निरंजन डावखरे यांना पहिल्या पसंतीचीच १,००,७१९ मते मिळाली, काँग्रेसचे रमेश कीर यांना २८,५८५, त्यामुळे निकाल तेथेच लागला. पण दर वेळी असे होत नाही. समजा शंभर मते आहेत, आणि तिघांना ४५, ३५ आणि २० अशी पडली. कोटा ५१. कोणीच तेथवर पोहोचला नाही. मग २० वाला बाद होतो, आणि त्याच्या वीस मतपत्रिकांवर दुसरी पसंती कोणाची आहे ते पाहतात. त्यांतल्या १७ जणांनी ३५ वाल्याला दुसरा क्रमांक दिला असेल, तर तो ५२ वर जाऊन निवडून येतो. म्हणून दुसरा, तिसरा क्रमांक लिहिणे ऐच्छिक असले तरी निरुपयोगी नाही. पहिला क्रमांक मात्र लिहिलाच पाहिजे, आणि तो एकाच नावासमोर. आकडा मराठी चालतो, इंग्रजी चालतो, रोमनही चालतो. 'एक' असे अक्षरांत लिहिलेले चालत नाही. बरोबरची खूण, सही किंवा अंगठा केला की मतपत्रिका बाद.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? हे सभागृहच नको. ही मागणी नवी नाही. पश्चिम बंगालने १९६९ साली, तामिळनाडूने १९८६ साली आपली परिषद बंद केली. आंध्राने १९८५ साली बंद केली आणि २००७ साली पुन्हा सुरू केली. आज देशात सहाच राज्यांत ती आहे. परंतु आपल्या परिषदेचा इतिहास अगदी रिकामा नाही. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे तिचे सभापती असलेले वि. स. पागे यांनीच रोजगार हमीची कल्पना मांडली. १९६५ साली तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, १९७७ साली कायदा झाला, आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी तो अमलात आला. मागेल त्याला काम, हे तत्त्व पुढे २००५ साली साऱ्या देशाने घेतले. पुण्याच्या पदवीधरांनी ग. प्र. प्रधान यांच्यासारखा प्राध्यापक अठरा वर्षे तेथे पाठवला, आणि ते विरोधी पक्षनेतेही झाले. म्हणजे सभागृह चांगले की वाईट हे त्याच्या भिंतींवर नाही, तेथे कोणाला पाठवतो यावर आहे.

पदवीधराला दिलेले हे जादा मत त्याच्या हुशारीचे बक्षीस नाही. तो ज्या शाळेत शिकला ती गावाच्या कराने आणि वर्गणीने उभी राहिली. त्याच्या घरातल्या, आळीतल्या ज्यांना हे मत नाही, त्यांच्याही वतीने ते द्यावयाचे असते. विहीर एकाच्या वावरात असली तरी उन्हाळ्यात पाणी साऱ्या वाडीचे, तसे हे आहे. शिक्षकांच्या जागेची मुदत २०२९ साली संपेल, पदवीधरांच्या जागेची २०३० साली. दोन्हींच्या आधी याद्या पुन्हा कोऱ्या होतील. शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्या शाळेतून गेल्या दहा-पंधरा वर्षांत बाहेर पडून पदवीधर झालेली मुलेमुली कोण कोण, त्यांची एक वही करून ठेवा. अर्जाची तारीख लागली की त्यांना निरोप धाडा, आणि निरोपाबरोबर जांभळ्या पेनाची गोष्टही सांगा.