करबुड्याच्या बोगद्यात हरवतं काय?

मुंबईहून रत्नागिरीला जाताना उक्शी सोडलं की करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटर. मोबाईलच्या नकाशावरचा निळा ठिपका जागीच अडकतो आणि माझ्या डोक्यातला जुना किडा वळवळायला लागतो. आपला मोबाईल टॉवरशी जुळवून घेतो, कारण टॉवर बिचारा जागचा हलत नाही. पण टॉवरच धावायला लागला तर?

प्रश्न हवेतला नाही. कोकण रेल्वेने तो पंचवीसेक वर्षांपूर्वी अंगावर घेतला होता.

2 ऑगस्ट 1999. पश्चिम बंगालमध्ये गैसाल इथे अवध आसाम एक्स्प्रेस आणि ब्रह्मपुत्रा मेल एकाच रुळावर समोरासमोर आदळल्या. अडीचशेहून जास्त माणसं गेली. या अपघातानंतर कोकण रेल्वेचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांनी टक्करविरोधी यंत्राची कल्पना मांडली. नाव 'रक्षा कवच'. इंजिनात, गार्डच्या डब्यात, स्टेशनात, फाटकावर एकेक पेटी. गाडीतली पेटी साधारण तीन किलोमीटरच्या टप्प्यात रेडिओवरून सांगत राहणार: मी कोण, कुठे, किती वेगात. धोका दिसला की ब्रेक आपोआप. मध्ये कुणी साहेब नाही, प्रत्येक इंजिन स्वतःच एक धावता टॉवर!

आता हिशोब करू. ताशी 100 किमीने समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या, अंतर 3 किमी. हातात 54 सेकंद. निरोप एक सेकंद शिळा झाला तर गाडी 28 मीटर पुढे गेलेली. म्हणजे सगळ्यांची घड्याळं जुळायलाच हवीत. पण प्रमाण कुणाचं मानायचं? तिसऱ्याचं, म्हणजे जीपीएसचं. गंमत म्हणजे हे उपग्रहही धावतेच टॉवर! उंची सुमारे 20,200 किमी, वेग सेकंदाला जवळजवळ 4 किमी. सापेक्षतेमुळे त्यांची घड्याळं दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे जातात, तेवढी दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते.

मग बोगद्यात काय? मला वाटायचं, उपग्रह दिसेनासे झाले की वेळ बिघडणार. गणित केलं आणि तोंडावर पडलो. करबुडे पार करायला 100च्या वेगाने जेमतेम चार मिनिटं. तेवढ्यात साधं क्वार्ट्झ घड्याळ दहा लाखांत वीस भाग चुकलं तरी फरक पाच मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात गाडी वीतभरही सरकत नाही. वेळ टिकते, हरवते ती जागा.

उघड्यावरही जागाच दगा देते. तेव्हाच्या जीपीएसची चूक दहाएक मीटर आणि शेजारचा रूळ पाचेक मीटरवर. मग गाडी नेमकी कुठल्या रुळावर? राजाराम यांची युक्ती अशी, की सांध्यावरून जाताना गाडीची दिशा किंचित वळते, ती मोजून रूळ ओळखायचा. कोकणच्या एकेरी मार्गाला हे शोभणारं. पण 2000च्या दशकात यंत्र ईशान्य सीमा रेल्वेवर बसलं, पुढे इतरत्र चाचण्या झाल्या, आणि समांतर रुळांच्या गर्दीत ते पुरेसं भरवशाचं ठरलं नाही.

2020 मध्ये रेल्वेने देशभरासाठी वेगळी यंत्रणा स्वीकारली. तिचं नाव 'कवच'. वेळ अजूनही उपग्रहांकडून, पण जागा सांगायला स्लीपरवर बसवलेले आरएफआयडी टॅग, आणि स्टेशनात टॉवर. न हलणारे.

वेळ आकाशातून उसनी आणता येते, जागेसाठी मात्र जमिनीत खुंटी ठोकावीच लागते. असो. उजेड दिसला, ठिपका हलला. भोके गेलं की रत्नागिरीच. बॅग काढायला हवी.