वरसईहून निघालेली वाट

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते मुख्यतः द्रव्यार्जनासाठी. घरावर कर्जाचा बोजा होता आणि कोकणातील भिक्षुकीवर तो उतरण्याची आशा नव्हती. अशा वेळी बायजाबाई शिंदे उत्तरेत सर्वतोमुख यज्ञ करणार असून ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळणार, अशी वार्ता आली. चुलते रामभट यांच्यासह विष्णुभट पायी निघाले. मुक्काम ठरलेला होता, मिळकतीचा अंदाजही बांधलेला होता.

महूच्या आसपास पोहोचेपर्यंत बंडाची कुणकुण शिपायांकडूनच कानी आली. शहाणपणाने पाहिले तर तेथूनच परतायचे; परंतु रिकाम्या हाताने परतून सावकारापुढे काय ठेवायचे? दोघे पुढे गेले. मग तो यज्ञ आणि ती दक्षिणा दोन्ही मागे पडली, आणि वाट मात्र लांबतच गेली.

या वाटेचा सर्वांत दारुण टप्पा झांशीचा. राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाने तेथे काही काळ सुखाचा गेला. राणीचा दिनक्रम, तिचा पोशाख, दानधर्म, दरबारची रीत हे सारे विष्णुभटांनी कुतूहलाने पाहून ठेवले. १८५८ च्या वसंतात सर ह्यू रोजच्या फौजेने शहराला वेढा घातला. शहर पडल्यावर झालेली कत्तल आणि लूट त्यांनी लपून राहून अनुभवली. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, याचे दुःख त्यांना विशेष झाले. जवळची पुंजी गेली. पुढेही मिळवावे आणि लुटले जावे, हा क्रम चुकला नाही. काल्पीच्या वाटेवर पराभूत, तहानलेली राणी त्यांना विहिरीपाशी भेटली. विद्वान ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून तिने स्वतःच पाणी शेंदले. या एका प्रसंगासाठी इतिहासाचे अभ्यासक त्यांचे ऋणी आहेत.

द्रव्याची आशा संपली तेव्हा प्रवासाचा रंगच पालटला. चित्रकूट, ब्रह्मावर्त, काशी, प्रयाग अशी क्षेत्रे पाहत ते हिंडले आणि शेवटी गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन पायी कोकणाकडे वळले. लुटारूंना त्या पाण्यात काय रस असणार! सुमारे तीन वर्षांनी वरसईस पोहोचल्यावर त्यांनी त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. ज्या धनासाठी ते निघाले होते ते आले नाही; पण परतलेल्या विष्णुभटांच्या मनात खंतीपेक्षा कृतार्थता अधिक दिसते. ही कृतार्थता स्वस्तात मिळालेली नव्हती, हे मात्र विसरता कामा नये. भूक, तहान आणि मृत्यूचे भय यांचे वर्णन करताना त्यांनी कोठेही शौर्याचा आव आणलेला नाही.

हकीकत लिहिली गेली ती सुमारे पंचवीस वर्षांनंतर, १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. इंग्रजी अंमलात बंडाविषयी असे काही छापणे धोक्याचे होते. म्हणून ती लेखकाच्या पश्चात १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध झाली. एवढ्या काळानंतर आठवलेल्या गोष्टींत तपशिलाच्या चुका असणारच, आणि तारखांसाठी केवळ या ग्रंथावर विसंबणे धाडसाचे ठरेल. त्याचे मोल दुसरीकडे आहे. सेनापतींच्या बखरी आणि अहवाल कोणत्या तरी विजयाकडे किंवा पराजयाकडे धावत असतात. या भिक्षुकाला मात्र युद्धात काही जिंकायचे नव्हते. म्हणून जेवणावळ, यज्ञमंडप, बाजार, धर्मशाळा यांच्याकडे पाहायला त्याला सवड होती.

वैद्यांनी प्रसिद्ध करताना मूळ मजकुरावर बराच हात फिरवला होता. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेल्या मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ पाठ छापला. वरसईच्या भटजींची बोली, त्यांचे पाल्हाळ आणि वाटेतल्या बारीकसारीक नोंदी तेव्हा कोठे वाचकांच्या हाती जशाच्या तशा आल्या.