त्या ट्रंपेटवाल्याचं नाव

सांगलीत संध्याकाळ झाली आहे. गल्लीच्या तोंडाशी वरात थांबलीय आणि बँडवाल्यांनी 'अलबेला' चित्रपटातलं गाणं धरलंय. तुम्ही गॅलरीत उभे आहात. क्लॅरोनेट चाल वाजवतोय आणि ओळ संपली की ट्रंपेटवाला गाल फुगवून मधली जागा भरतोय. त्या जागा तुम्हाला गाण्याइतक्याच पाठ आहेत. आंघोळीला गाणं गुणगुणताना ओळीनंतर तोंडानं तुम्हीही तेच वाजवता.

वरात पुढे सरकते. तुम्ही आत येऊन 'अलबेला'च्या गाण्यांची सीडी काढता. ही गाणी तबकडीवरून कॅसेटवर आणि कॅसेटवरून सीडीवर पुन्हा पुन्हा निघाली. संगीत सी. रामचंद्र, गीतं राजेंद्र कृष्ण, आणि याच सांगलीत ज्यांचं बालपण गेलं त्या लताबाईंचा आवाज. ट्रंपेट कुणी वाजवला, ते मात्र कव्हरवर कुठेच नाही.

हेडफोन लावा. डोळे मिटा. आज गाण्यामागे जाऊ नका, फक्त त्या ट्रंपेटमागे चला.

थंडी झोंबते. तुम्ही सातारा जिल्ह्यात, पुसेगावच्या यात्रेत आहात. साल १९५२. बैलबाजारातली धूळ खाली बसलीय आणि माळावरच्या तंबूत 'अलबेला' सिनेमा लागलाय. घोंगडी अंथरून तुम्ही जमिनीवर बसता. शेजारचे आजोबा न बघताच मूठभर शेंगा तुमच्या हातावर ठेवतात. बाहेर इंजिन धडधडतंय. पडद्यावर नायक भगवान पाय घासत नाचू लागतात तशी पुढची पोरं उठतात, नाणी उडतात, खणखणतात. आणि मग 'दीवाना परवाना'. गाण्यात झालरीच्या बाह्यांचे कपडे घातलेला एक वाद्यवृंद दिसतो, त्यात ट्रंपेट घेतलेला एक माणूस. तंबूतलं कुणीही त्याच्याकडे बघत नाही. तुम्ही बघा. हाच तो.

आता आणखी मागे. १९५१, मुंबई, ध्वनिमुद्रणाची खोली. गायक आणि वादक एकाच वेळी गाणार-वाजवणार आहेत. शेवटच्या ओळीत एक स्वर घसरला तरी सगळं पहिल्यापासून. ट्रंपेटचा आवाज मोठा, म्हणून तो मायक्रोफोनपासून लांब, मागे उभा. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर चाल सांगतात. वाद्यमेळ बांधायला त्यांच्या हाताशी हा गोव्याचा माणूस आहे. 'शोला जो भडके'त बाँगो, ओबो, क्लॅरोनेट, सॅक्सोफोन आणि ट्रंपेट असा मेळ जमलाय. हिंदी गाण्यात ही वाद्यं पाहुण्यासारखी अवघडून बसत नाहीत, घरच्यासारखी वावरतात. तुम्ही त्याच्या मागे जाऊन उभे राहा. तीन खटक्यांवर तीन बोटं, आणि बाकी सगळं ओठांवर. तेच खटके तसेच दाबून ओठ जरा आवळले की स्वर वर चढतो. पितळ नुसतं आवाज मोठा करतं. थरथर माणसाची असते.

अजून थोडं मागे. १९४० चं दशक, मुंबईचं ताजमहाल हॉटेल. तोच माणूस आता सर्वांत पुढे आहे आणि बँडही त्याचाच, 'चिक अँड द म्युझिक मेकर्स'. पांढरा रुमाल हातात, खरखरीत गळा, ट्रंपेट छताकडे. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणतात. हे जॅझ वादन आकाशातून पडलेलं नाही. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ असे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक इथे आले. स्वतःच्या देशात पावलोपावली वर्णभेद सोसलेली ही माणसं मुंबईत मानानं वाजवत होती आणि गोव्याची पोरं कान टवकारून ऐकत होती. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या, आणि वादकांची पावलं अधिकच सिनेमाकडे वळली. तुमच्या गल्लीतल्या वरातीपर्यंत जॅझ आला तो असा वळसे घेत.

आता शेवटची पायरी. बार्देशातलं हळदोणं, १९२५ च्या आसपास. म्हापसा नदीच्या काठी सेंट थॉमसचं चर्च. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य आहे आणि चर्चच्या शाळेत मुलं अक्षरांबरोबर स्वरलिपीही गिरवतात. त्या ओळीत नऊ वर्षांचं एक पोर बसलंय, जन्म १९१६ चा. मास्तर बोट ठेवतात त्या टिंबाचा स्वर ते लावतं. चुकतं, पुन्हा लावतं. नाव विचाराल तर सांगेल: अँटोनियो झेवियर वाझ. अजून त्याला कुणी चिक चॉकलेट म्हणत नाही.

डोळे उघडा. सांगली. वरातीचा आवाज लांब गेलाय.

चिक चॉकलेट १९६७ साली गेले, वय जेमतेम पन्नाशीचं. 'नादान'सारख्या चित्रपटाला स्वतंत्र संगीत देऊनही त्यांचं नाव विस्मरणात गेलं. २०१२ साली नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक आलं, मुंबईतल्या जॅझच्या जुन्या तबकड्या पुन्हा कानांवर पडू लागल्या आणि या वादकांना नावं परत मिळाली. पण ती नावं अजून तुमच्या गल्लीपर्यंत पोहोचलेली नाहीत. तो बँडवाला पोरगा आजही त्याच जागा वाजवतोय. त्याच्या कानावर त्या त्याच्या वस्तादाकडून पडल्या, वस्तादाच्या कानावर कदाचित अशाच एखाद्या तंबूतून. हळदोण्यात गिरवलेले स्वर कृष्णाकाठी येऊन राहिले आणि त्यांना इथे आणणारा माणूस मात्र बाहेरच राहिला.

टेबलावर सीडीचं कव्हर पडलंय. पेन घ्या. लताबाईंच्या नावाखाली बोटभर जागा आहे.

ट्रंपेट: चिक चॉकलेट. लिहा.