कचारगड यात्रेच्या आठवड्यातील हवामान

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान असून, माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेस मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही भाविक येतात. दरेकसा स्थानकावर उतरून धनेगावमार्गे डोंगरातील गुहेकडे जाणाऱ्यांनी त्या आठवड्याचा हवामान अंदाज पाहूनच निघणे इष्ट ठरते.

पौर्णिमेची तारीख दरवर्षी बदलते. २०१८ मध्ये ती ३१ जानेवारीस, तर २०२१ मध्ये २७ फेब्रुवारीस होती. जानेवारीअखेर रात्री कडाक्याच्या असतात. फेब्रुवारी सरताना मात्र दुपारचे ऊन चढणीवर दमवते, पहाटेचा गारवा तरीही राहतो. मुक्कामी राहणाऱ्यांना पांघरूण दोन्ही वेळी लागतेच.

खरा धोका अवकाळी पावसाचा. उत्तरेकडील पश्चिमी विक्षोभ आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे यांच्या संयोगाने पूर्व विदर्भात या दिवसांत मेघगर्जना, प्रसंगी गारपीटही होते. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र अंदाज देते तो जिल्ह्यापुरता, एखाद्या डोंगरापुरता नव्हे. त्यातील ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ जिल्ह्यातील फार तर चतुर्थांश केंद्रांवर पाऊस, एवढाच. तो किरकोळच असेल असे नव्हे. पिवळा इशारा सतर्कतेचा, नारिंगी सज्जतेचा आणि लाल तातडीच्या कृतीचा असतो.

ढग गडगडू लागताच चढण थांबवावी व झाडाखाली आसरा घेऊ नये. विजेची पूर्वसूचना ‘दामिनी’ या मोबाइल ॲपवर मिळते. डोंगरात नेटवर्कचा भरवसा नसल्याने ती पायथ्याशीच पाहून घ्यावी.