मेंदूची वेस

बीदरच्या किल्ल्याला वेशी आहेत, तशी मेंदूलाही एक वेस आहे. रक्तातले पेनिसिलिन एरवी मेंदूभोवतीच्या द्रवात फारसे शिरत नाही. म्हणून १९४२ साली लंडनमध्ये फ्लेमिंग यांनी मेंदूज्वराच्या एका रोग्याला ते पाठीच्या कण्यातून टोचले, रोगी वाचला. पुढे उमगले की, मेंदूच्या आवरणांना सूज आली की ही वेस सैल होते आणि शिरेतून मोठी मात्रा दिल्यास औषध आत पोहोचते. १९५५ साली पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागले. मात्र सूज ओसरताच वेस पुन्हा मिटू लागते. म्हणून मात्रा अखेरपर्यंत मोठीच ठेवतात. ताप उतरताच सुया थांबवा म्हणणाऱ्या आम्हां संतपूरकरांनी एवढे ध्यानी ठेवावे.