बीट कवितेचे पूर्वज

१९५८ साली ‘पार्टिझन रिव्ह्यू’मध्ये नॉर्मन पॉडहोरेट्झ यांनी बीट लेखकांवर ठेवलेला आरोप आजही चलनात आहे: ही मंडळी बुद्धीची वैरी, मनात येईल ते कागदावर ओतणारी. हा आरोप सहज झटकता येत नाही. उत्स्फूर्ततेचा उद्घोष खुद्द जॅक केरुअ‍ॅकनेच केला होता, आणि त्या नावाखाली पुष्कळ रद्दी छापली गेली, हेही खरे. पण म्हणून या कवितेला पूर्वजच नव्हते, असे ठरते का?

अ‍ॅलन गिन्सबर्गची ‘हाउल’ पाहा. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या या कवितेचे खर्डे १९८६मध्ये पुस्तकरूपाने आले. तिच्यावर किती काटछाट झाली, ते त्यात उघड दिसते. त्याच पुस्तकात या कवितेमागची प्रेरणास्थानेही छापली आहेत: अपॉलिनेर, लोर्का, मायकोव्हस्की, आर्तो, इतकेच काय, श्विटर्सची निव्वळ ध्वनींची रचनासुद्धा. ही नावे शोभेची म्हणावीत, तर अठराव्या शतकातला इंग्रज कवी क्रिस्टोफर स्मार्ट आडवा येतो. वेडा ठरवून कोंडलेले असताना त्याने लिहिलेल्या ‘जुबिलाते आग्नो’त ओळीमागून ओळ एकाच शब्दाने सुरू होते. ‘हाउल’चा पहिला भाग त्याच बांधणीवर उभा आहे. आणि कविता अर्पण केली आहे ती गिन्सबर्गला मनोरुग्णालयात भेटलेल्या कार्ल सॉलोमनला. सांगाडाच परंपरेचा, मग अडाणीपणा कुठला?

छापील मजकूर कापून तुकडे नव्याने जुळवायचे, हे विल्यम बरोजचे कात्रीतंत्रही आभाळातून पडले नाही. १९५९मध्ये पॅरिसच्या एका स्वस्त हॉटेलात ते त्याच्या हाती दिले चित्रकार ब्रायन गायसिनने. या गायसिनला १९३५ साली अतिवास्तववाद्यांच्या प्रदर्शनातून त्यांच्या म्होरक्याने, ब्रताँने वगळले होते. आणि टोपीतून शब्द काढून कविता करण्याची कृती दादावादी त्रिस्तान झाराने १९२०च्या सुमारासच सांगून ठेवली होती.

उरला जाझ. प्रतिपक्षाचा हा सर्वात लाडका पुरावा, आणि सर्वात कच्चा. केरुअ‍ॅकचा आदर्श चार्ली पार्कर, आणि पार्कर म्हणजे ऐनवेळी सुचलेले! पण पार्करचे १९४५चे ‘को-को’ बांधले आहे ‘चेरोकी’ या प्रचलित गाण्याच्या स्वरसंगतीवर. ती चौकट रियाजाने हाडीमाशी मुरल्याशिवाय त्या वेगात एक स्वर तरी सुचेल का? केरुअ‍ॅकने हे नेमके ओळखले होते. ‘मेक्सिको सिटी ब्लूज’च्या २४२ कोरसांसाठी, म्हणजे कवितांसाठी, त्याने खिशातल्या वहीचे छोटे पान हीच मर्यादा मानली. विचार पुढच्या कोरसात वाहत गेला तरी चालेल, पण पान संपले की कोरस संपला. याला मनात येईल ते ओतणे म्हणायचे का, हे वाचकांनीच ठरवावे.